लोअर आर्मचे बुश संपलेत: रबरच टाकू की पॉलियुरेथेन?

वाटसरू

मंडळी, गाडी छोटी हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम). रनिंग लाखाच्या पुढे गेलंय. हल्ली खराब रस्त्यावर कमी वेगात डाव्या बाजूने दबका, जाड असा ‘धप्प’ आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते, सोडला की सरळ होते. व्हील अलाइनमेंट करून घेतली की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पुढच्या टायरची आतली कड झिजायला लागते. शॉकअप मागेच बदललेत, त्यामुळे ते नसावेत.

मेकॅनिकने गाडी वर घेऊन दाखवलं. दोन्ही लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्यांचे) मागचे बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबरी गोळे, फाटलेत, डावीकडचा जास्त. आता तीन पर्याय समोर आहेत. कंपनीचेच रबरी बुश, बाहेरच्या मेकचा पूर्ण आर्म (बुश आणि चाकाकडचा बॉल जॉइंट बसवलेला), किंवा पॉलियुरेथेनचा (पॉली, रबरापेक्षा कडक) आख्ख्या गाडीचा संच. स्टिअरिंग अजून नेमकं झालं तर मला हवंच आहे. पण गाडीत मागे वयस्कर माणसं बसतात, त्यांना हादरे नकोत. पॉली टाकल्यावर गाडी किती कडक होते? आणि सगळीकडे टाकायचं की काही ठिकाणीच?

पाना नंबर सतरा

खर्चात पडण्याआधी निदान पक्कं करून घ्या. बुश फाटलेला दिसला म्हणजे आवाज त्याचाच, असं नसतं. ‘खट्‌खट्’ असा हलका, पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज असेल तर आधी स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून असलेल्या अँटी-रोल बारची, लिंक तपासायची. ती सगळ्यात आधी जाते आणि बदलायलाही सगळ्यात सोपी. तुम्ही जो दबका आवाज म्हणताय तो मात्र बुशचा असू शकतो.

तपासायचं असं. गाडी चाकांवर उभी असताना एकाने आत बसून पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून गाडी जेमतेम हलवायची आणि लगेच ब्रेक लावायचा. दुसऱ्याने बाजूला, सुरक्षित अंतरावर बसून आर्मच्या मागच्या टोकाकडे बॅटरी मारून बघायचं. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश उडी मारतो, आतली नळी आणि बाहेरचं कडं यांच्यातली फट एका बाजूला पूर्ण मिटते. मग गाडी वर घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडलेला असतो त्या सांगाड्याच्या) मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचकटायचं. वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबरावर येतातच, त्यांनी घाबरू नका. रबर धातूपासून सुटलंय का, भेग आरपार गेलीय का, हे बघा. त्याच वेळी बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडही (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) हलवून बघा. चाक वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे हललं तर बहुधा टाय रॉड.

चौथा गिअर

माझं मत सरळ आहे, पॉली टाका. माझ्या आधीच्या गाडीत पुढे सगळीकडे होते आणि ती गाडी विकेपर्यंत बुशकडे पुन्हा बघावं लागलं नाही. वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं. रबरात तो क्षणभराचा उशीर असतो ना, तो जातोच. शिवाय तेल गळून बुशवर पडलं तर रबर फुगतं, मऊ पडतं. पॉलीला त्याचं फारसं काही होत नाही. आवाज थोडा वाढतो, खरं आहे, पण मला तो चालतो.

अभियंती

चौथा गिअर, तुमचा अनुभव खरा आहे, पण वाटसरूंच्या गाडीत ‘सगळीकडे’ हा शब्द मला खटकतो. आर्मवरचे दोन बुश एकच काम करत नाहीत, हे आधी बघायला हवं.

रबरी बुशमध्ये आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मध्ये रबर दोन्हींना कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा तिथे काहीही घसरत नाही. ओला टॉवेल पिळावा तसं रबर पिळलं जातं आणि सुटतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, धूळ-पाणी आत शिरायला फट नसते. पॉली बुशचं काम वेगळं. ते नळीला चिकटलेलं नसतं, नळी त्यात फिरते. म्हणजे ते एक घसरणारं बेअरिंग झालं. एका अक्षाभोवती फिरायचं असेल तिथे पॉली उत्तम, रबराच्या पिळाचा विरोधही तिथे राहत नाही. पण ज्या बुशला फिरता फिरता तिरकंही व्हावं लागतं, तिथे पॉली अडतं.

आता तुमचा आर्म. मॅकफर्सनच्या बहुतेक एल आकाराच्या आर्ममध्ये पुढचा बुश लहान आणि कडक असतो. बॉल जॉइंटच्या जवळपास समोरासमोर तो असल्यामुळे वळणातला आडवा जोर मुख्यतः तोच झेलतो. मागचा बुश मोठा आणि मुद्दाम मऊ असतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ते जरासं मागे सरकायला हवं, नाहीतर तो धक्का थेट बॉडीत जातो. चाक मागे सरकतं तेव्हा आर्म पुढच्या बुशभोवती फिरतो आणि मागचा बुश आडवा दाबला जातो. त्या बुशमध्ये किडनीच्या आकाराच्या पोकळ्या असतात, त्या त्याच दिशेला मऊपणा मिळावा म्हणून ठेवलेल्या असतात. रबराचं घनफळ दाबाने जवळजवळ कमी होत नाही. त्याला फुगायला जागा लागते, ती जागा म्हणजे ती पोकळी.

म्हणून पुढच्या बुशला पॉली टाकलं तर स्टिअरिंग सुधारतं आणि आराम फारसा जात नाही. मागच्याला टाकलं की प्रत्येक सांधा, प्रत्येक खड्डा मागे बसलेल्यांना कळतो. आणि तुमच्या मागच्या बुशचा बोल्ट उभा आहे की आडवा, तेही बघून सांगा. उभा असेल तर आर्म वर-खाली होताना तो बुश फिरत नाही, तिरका होतो. तिथे कडक पॉली म्हणजे सस्पेंशनला अडवणं.

चौथा गिअर

मग शर्यतीच्या गाड्यांमध्ये रबर का नसतं? तिथे तर गोलाकार बेअरिंगच टाकतात.

अभियंती

हो, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर आहे. ते बेअरिंग कुठल्याही दिशेला तिरकं होतं, त्यामुळे अडण्याचा प्रश्नच येत नाही. पण ते धक्का अजिबात गिळत नाही. धूळ आणि पाण्यात ते लवकर ढिलं पडतं आणि प्रत्येक स्पर्धेनंतर उघडून तपासलं जातं. रोजच्या गाडीत ते कोण करणार?

दुसरी गोष्ट, कंपनी त्या मऊपणाचा वापर करून घेत असते. पोर्शे ९२८ ही १९७७ साली आली, तिच्या मागच्या वाइसाख ॲक्सलमध्ये मऊ बुश मुद्दाम अशा ठिकाणी ठेवले होते की वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तरी मागचं चाक बाहेरच्या दिशेला तोंड करणार नाही, उलट थोडं आत वळेल. त्या गाडीत मागे कडक बुश टाकले तर हे काम बंद पडेल. साध्या गाड्यांतही लहान प्रमाणात असा हिशोब असतो. बुश कडक करताना आपण तो हिशोब बदलत असतो, एवढं लक्षात ठेवून करावं.

कडकपणाचं माप ‘शोर ए’मध्ये देतात. कंपनीचं रबर साधारण ५० ते ७० च्या आसपास असतं, पॉलीचे संच साधारण ७० पासून ९५ पर्यंत मिळतात. एकाच मेकमध्ये रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी वेगळे रंग असतात. पण एका मेकचा लाल म्हणजे दुसऱ्या मेकचा लाल नव्हे. आकडा विचारून घ्या.

वाटसरू

सतरा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासलं. लिंक आणि टाय रॉड ठीक आहेत. डाव्या आर्मचं मागचं टोक ब्रेक लावताच आतल्या बाजूला उडी मारतं, स्पष्ट दिसतं. ताई, मागचा बोल्ट उभा आहे. आणखी एक, फाटलेल्या बुशखाली सबफ्रेमवर काळसर, चिकट ओघळ सुकलेला आहे. वर इंजिनचं तेल कुठेही गळत नाही. हे काय असेल?

अभियंती

मग तो साधा बुश नाही, हायड्रॉलिक बुश आहे. रबराच्या आत दोन कप्पे असतात, त्यांत द्रव भरलेला असतो आणि मध्ये अरुंद वाट. चाक पुढे-मागे थरथरायला लागलं की द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो आणि त्या वाटेत थरथर जिरते. द्रव गळून गेला की तो बुश नुसता ढिला रबराचा गोळा राहतो. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं का? बरेच जण अशा वेळी डिस्क वाकली म्हणून डिस्क बदलतात. डिस्कमध्ये किंचित फरक असतोच, चांगला बुश तो हातापर्यंत पोचू देत नाही.

ब्रेक लावताना गाडी डावीकडे का ओढते, तेही यातच आलं. ब्रेकचा जोर चाकाला मागे ढकलतो. उजवा बुश थोडा सरकतो, डावा खूप. दोन्ही बाजूंचे कॅस्टर आणि टो (चाकाचे अलाइनमेंटचे कोन) वेगवेगळे होतात. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी स्थिर उभी असते, तिथे हे दिसतच नाही. म्हणून तुमची अलाइनमेंट टिकत नव्हती.

तुमच्या वापरासाठी माझं मत: मागे कंपनीचा किंवा त्याच जातीचा हायड्रॉलिक बुश. त्या जागी भरीव रबर येत असेल आणि थोडा कडकपणा चालणार असेल तर तेही चालेल, टिकतं चांगलं. पुढच्या बुशला मध्यम कडकपणाचं पॉली. आणि अँटी-रोल बारच्या डी आकाराच्या बुशला पॉली नक्की टाका. तिथे बार नुसता फिरतो, तिरका होत नाही. कमी कामात गाडीचा झोल कमी झाल्यासारखा वाटेल.

मृगजळ

अँटी-रोल बारच्या पॉली बुशबद्दल एक शंका. माझ्या भावाच्या गाडीत टाकले आणि थंडीत सकाळी गतिरोधकावर कर्र-कर्र आवाज येतो. पहिले काही महिने काहीच नव्हतं. पुन्हा ग्रीस लावायचं तर कुठलं? गॅरेजमधलं साधं ग्रीस चालेल का?

पाना नंबर सतरा

संचासोबत जे येतं तेच, किंवा तशाच जातीचं घट्ट, चिकट सिलिकॉन ग्रीस. साधं पेट्रोलियम ग्रीस लवकर धुतलं जातं, आणि शेजारच्या रबरी भागाला लागलं तर ते रबर फुगतं. लावण्याआधी बारचा तो भाग बारीक पॉलिश पेपरने घासून गंज आणि जुना रंग काढा, कारण खरखरीत बारवर कुठलंही ग्रीस टिकत नाही. बुशच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतील तर त्या पूर्ण भरा, ग्रीस साठून राहायलाच त्या दिलेल्या असतात. काही संचांच्या क्लॅम्पवर ग्रीस निपल असतो, तो असला तर काम सोपं.

खरेदी करताना अजून एक विचारा. पॉलियुरेथेन दोन जातींचं असतं, पॉलिइथर आणि पॉलिएस्टर. गाडीखाली सतत पाणी आणि चिखल लागतो, तिथे पॉलिइथर टिकतं. पॉलिएस्टर पाण्याने हळूहळू फुटत जातं, त्याचे तुकडे पडतात. ‘पॉली टिकत नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या हाती तेच लागलेलं असतं.

वाटसरू

ठरलं. मागे हायड्रॉलिक, पुढे मध्यम पॉली, बारला पॉली. बॉल जॉइंट घट्ट आहेत, त्यामुळे आर्म तेच ठेवतोय. काम मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं मिळून करणार आहोत, तिथे प्रेस आहे. काय काळजी घ्यायची?

पाना नंबर सतरा

सविस्तर लिहितो, कारण बुश चांगला आणि बसवणी वाईट, अशी कामं फार बघितलीत.

गाडी वर घेण्याआधी सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजून लिहून ठेवा. का ते पुढे सांगतो. पुढची दोन्ही चाकं एकदम वर घ्या आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर आत जाऊ नका. एकच बाजू वर घेतली तर अँटी-रोल बार पिळलेला राहतो आणि लिंकचा नट सुटताना झटका देतो. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग स्ट्रटमध्येच पकडलेली असते, त्यामुळे आर्म काढताना ती उसळत नाही. ज्या गाड्यांमध्ये स्प्रिंग थेट आर्मवर टेकलेली असते तिथे मात्र आर्मखाली जॅक दिल्याशिवाय बोल्टला हात लावू नका.

सबफ्रेम सैल करायची वेळ आली तर आधी तिच्या कडेने बॉडीवर खूण करा. ती थोडी जरी सरकली तरी दोन्ही चाकांचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) बदलतो.

जुना बुश काढण्याआधी त्याच्या पोकळ्या कुठल्या दिशेला आहेत ते आर्मवर सेंटर पंचने ठोकून ठेवा. मार्करची खूण ग्रीसमध्ये पुसली जाते. नवीन बुश थोडा जरी फिरून बसला तरी जिकडे मऊ हवं तिकडे कडक होईल. दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. त्यासाठी कड्याच्या मापाची नळी घ्या. आतल्या नळीवर दाब दिला तर नवं रबर तिथेच सुटतं. रबरी बुश सरकवायला साबणाचं पाणी पुरतं, तेल नको. ॲल्युमिनियमचा आर्म असेल तर बुश सरळ जातोय ना हे प्रत्येक दाबाला बघा, भोकाला चरा पडला की नवीन बुश पकडत नाही.

बुश जाळून काढायचा प्रकार अजून चालतो, तो करू नका. जळत्या रबराचा धूर वाईट असतोच, आणि पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो. शिवाय तापून आर्मची ताकद कमी होते ती वेगळीच. प्रेसने निघत नसेल तर मधलं रबर ड्रिलने पोखरून नळी काढा, मग हॅक्सॉ ब्लेडने कड्याला आतून एक चीर पाडा. ब्लेड आर्मच्या धातूला लागायच्या आत थांबा. चीर पडली की कडं आतल्या बाजूला दुमडून निघतं. पॉलीचा संच घेतलाय तर आधी त्याची सूचना वाचा. काही संचांत जुनं बाहेरचं कडं जागेवरच ठेवायचं असतं, ते काढून टाकलंत तर नवा बुश सैल बसेल.

आता त्या मोजलेल्या अंतराबद्दल. चिकटवलेल्या रबरी बुशचा बोल्ट आडवा असेल तर तो चाक हवेत लटकत असताना कधीही शेवटचा घट्ट करायचा नाही. लटकत्या स्थितीत नळी पकडली गेली की गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं, आणि गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं. गाडी चाकांवर असताना, रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या पिटवर, टॉर्क रेंचने शेवटची पकड द्या. ते जमत नसेल तर बॉल जॉइंटखाली जॅक देऊन ते आधी मोजलेलं अंतर येईपर्यंत चाक उचला, पण गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना याकडे लक्ष ठेवा. तुमच्याकडे पुढे पॉली आणि मागचा बोल्ट उभा आहे, त्यामुळे तुम्हाला हे तितकं लागू नाही. तरी गाडीच्या वजनावरच घट्ट करा, सवय चांगली.

टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. जिथे टॉर्क दिल्यानंतर आणखी ठरावीक अंशात फिरवायला सांगितलंय ते बोल्ट ताणले जातात, ते पुन्हा वापरू नका, नवे आणा.

मृगजळ

हा लटकत घट्ट करण्याचा मुद्दा कुणी हलक्यात घेऊ नका. आमच्या गाडीला एका गॅरेजमध्ये चारही बुश नवीन टाकले होते, कंपनीचेच. वर्ष पूर्ण व्हायच्या आत फाटले, आणि चारही एकाच जागी, एकाच दिशेला. माल खराब म्हणून सगळे सांगत होते. दुसऱ्या मेकॅनिकने बोल्ट सैल करताच नळी टक्कन फिरून जागेवर आली, तेव्हा कारण कळलं.

वाटसरू

काम झालं. उजवा पुढचा बुश प्रेसला दाद देत नव्हता, सतरांच्या ब्लेडच्या युक्तीनेच निघाला. कड्याच्या आणि आर्मच्या मध्ये गंजाची पापडी जमली होती. पॉली सहज बसले, दोन तुकड्यांत असल्यामुळे हाताने दाबूनच गेले. थोडं चालवून अलाइनमेंट करून घेतली.

फरक सांगतो. ब्रेकला ओढणं पूर्ण थांबलं, ‘धप्प’ आवाज गेला. स्टिअरिंग सरळ धरल्यावर मध्ये जो पोकळ भाग वाटायचा तो जवळजवळ नाही. अँटी-रोल बारमुळे वळणात गाडी कमी कलते. आवाज वाढलाय का म्हणाल तर खरखरीत रस्त्यावर टायरची गुणगुण पायाशी थोडी जास्त जाणवते, पुढच्या सीटवरच. मागे बसणाऱ्यांनी स्वतःहून काहीच तक्रार केली नाही, उलट खड्ड्याचा दणका कमी झाला म्हणाले. तो अर्थात नवीन हायड्रॉलिकचा परिणाम.

चौथा गिअर

छान झालं. ताई, मागच्या बुशबद्दल तुमचं म्हणणं पटलं. आता माझ्या सध्याच्या गाडीचा प्रश्न. तिचा ट्विस्ट बीम बॉडीला जोडतात ते दोन मोठे बुश सैल झालेत, वळणात मागचा भाग उशिरा येतो. तिथे पॉली चालेल का?

अभियंती

तिथे माझं उत्तर रबरच. ट्विस्ट बीम वर-खाली होतो, एक चाक वर आणि एक खाली असताना पिळतो आणि वळणात आडवाही ढकलला जातो. ते दोन बुश हे तिन्ही सांभाळतात. वळणात आडव्या जोराने आख्खा बीम थोडा वाकडा होऊन मागची चाकं चुकीच्या दिशेला वळायचा धोका असतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत हे बुश तिरके बसवलेले असतात किंवा आत तिरक्या कडा असतात. आडवा जोर आला की बीम त्या कडेवरून सरकून स्वतःला सरळ करतो. नुसत्या गोल, कडक पॉलीत ही तिरकी कड नसली तर ते काम होणार नाही, वर एकच चाक खड्ड्यात गेलं की बुश अडेल.

कंपनीचे नवीन टाका, दोन्ही एकदम. कड्यावर बाणाची किंवा खाचेची खूण असते, ती बीमवरच्या खुणेशी जुळवा. डावा-उजवा वेगळा आहे का ते पार्ट नंबरवरून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत ते एकमेकांचे आरसे असतात. आणि इथे बोल्ट आडवा असतो, म्हणजे शेवटची पकड गाडी चाकांवर उभी असतानाच.